अमेरिकेतलं बालदारिद्र्य: पैसा आहे, मग मुलापर्यंत पोचताना अडतो कुठे?

प्रेषक: कृष्णाकाठ

अमेरिकेतल्या गरीब मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'तिथे कसली आलीय गरिबी'. दुसरं, 'भांडवलशाहीत हे व्हायचंच'. दोन्हींनी बोलणं तिथेच संपतं, म्हणून हा धागा काढतोय. पैसा कुठून निघतो, कुठल्या नियमाशी अडतो आणि कुणाच्या मुलाला मिळत नाही, एवढंच बघू या. कर, फूड स्टॅम्प (गरीब घरांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत), शाळेतलं जेवण, घरभाडं यांतलं ज्याला जे नीट ठाऊक आहे त्याने आकड्यांसह लिहावं.

सुरुवात मी करतो.

२०२१ साली तिथे १८ वर्षांखालच्या मुलांमधलं गरिबीचं प्रमाण, जनगणना विभागाच्या पूरक मापनानुसार (यात सरकारी मदतही मिळकतीत धरतात), ५.२ टक्क्यांवर आलं. हे मापन सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक. २०२२ मध्ये ते एकदम १२.४ झालं, २०२३ मध्ये १३.७, २०२४ मध्ये १३.४. आता २०२२ मध्ये बेकारी २०२१ पेक्षा कमीच होती. त्यामुळे आईबापांच्या नोकऱ्या गेल्या म्हणून मुलं गरीब झाली, असं म्हणायला जागा नाही. सरकारने देणं थांबवलं म्हणून झाली. कोविडचे धनादेश बंद झाले हा त्यातला एक भाग. दुसरा म्हणजे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे मिळणारी करसवलत, पुन्हा जुन्या नियमांवर गेलं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण धनादेश आपत्तीपुरते होते आणि हे क्रेडिट कायम ठेवता आलं असतं.

या क्रेडिटची रचना समजली की अर्धा विषय समजतो. सध्या दर मुलामागे २,२०० डॉलर कराच्या रकमेतून वजा होतात. ज्यांना करच लागू होत नाही एवढी कमी कमाई आहे, त्यांना दर मुलामागे जास्तीत जास्त १,७०० डॉलर रोख मिळू शकतात. पण तेही सरसकट नाही. वर्षाच्या कमाईतून २,५०० वजा करायचे आणि उरलेल्याचे १५ टक्के काढायचे. ते आणि १,७०० ची मर्यादा, यांत जे कमी असेल तेवढंच हातात.

मिसिसिपीतली एकटी आई घ्या. मुलं दोन, वयं चार आणि आठ. त्या राज्याने स्वतःचं किमान वेतन ठरवलेलं नाही, म्हणून केंद्राचा दर लागू, तासाला ७.२५ डॉलर. जुलै २००९ नंतर हा दर वाढलेला नाही. आठवड्याला ३० तास, ५२ आठवडे एकही सुट्टी न घेता काम केलं तर ११,३१० डॉलर होतात. त्यातून २,५०० गेले, ८,८१० उरले, त्याचे १५ टक्के म्हणजे १,३२१ डॉलर. दोन मुलांचे मिळून एवढेच. न्यू जर्सीच्या एडिसनमधलं आयटीतलं जोडपं साडेतीन लाख डॉलर कमावत असेल आणि मुलं दोन असतील, तर त्यांना पूर्ण ४,४०० मिळतात. जोडप्याला चार लाखांपर्यंत कपातच नाही. या आईला पूर्ण ४,४०० हवे असतील तर कमाई साधारण ३३-३४ हजारांवर न्यावी लागेल. देशातल्या दर चार मुलांमागे एक मूल असं आहे, की घरची कमाई कमी पडते म्हणून त्याच्यामागे पूर्ण क्रेडिट मिळत नाही.

मार्च २०२१ च्या कायद्याने एका वर्षापुरत्या तीन गोष्टी केल्या. रक्कम सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि ६ ते १७ वयाला ३,००० केली. कमाईची अट काढून टाकली. आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा थेट खात्यात टाकली, लहान मुलाचे ३०० आणि मोठ्याचे २५०. वरच्या आईला त्या वर्षी १,३२१ च्या जागी ६,६०० मिळाले असते. जनगणना विभागाच्याच हिशेबाने त्या वर्षी या क्रेडिटमुळे २९ लाख मुलं गरिबीरेषेच्या वर राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये सिनेटमध्ये मुदतवाढीचं विधेयक अडकलं. जानेवारीत हप्ता आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: पैसा होता, यंत्रणा होती, सहा महिने चालवूनही दाखवली. अडतं ते नियमात. आणि नियम माणसांनीच लिहिलेले आहेत.

________

प्रतिसाद: बापू_पाटस

लेख आवडला, पण मूळ शंका राहतेच. तिकडच्या गरिबाच्या दारात गाडी असते, घरात फ्रीज, मायक्रोवेव्ह. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार बघितलेल्याला हे दारिद्र्य म्हणून पटवायचं कसं? गरिबीरेषा नक्की ठरवतं कोण?

________

प्रतिसाद: मुक्ता_डी

बापूसाहेब, शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर रेषा कशी आखली यातच आहे.

अधिकृत रेषा मॉली ओरशान्स्की या सोशल सिक्युरिटी खात्यातल्या संशोधक बाईंनी १९६३-६४ मध्ये तयार केली. १९५५ च्या पाहणीत कुटुंबाचा एक तृतीयांश खर्च जेवणावर जातो असं दिसलं होतं. म्हणून त्यांनी कृषी खात्याच्या सर्वांत स्वस्त आहाराचा खर्च घेतला आणि तिप्पट केला. आजही तीच रेषा महागाईने वाढवत नेतात. २०२५ चं मार्गदर्शक उत्पन्न तिघांच्या कुटुंबाला २६,६५० डॉलर, चौघांना ३२,१५०. बोस्टनला तेच आणि मिसिसिपीच्या खेड्यालाही तेच (अलास्का आणि हवाई तेवढे वेगळे). आता जेवणाचा वाटा खूप कमी झालाय, घरभाडं आणि पाळणाघर वाढलंय, ते या रेषेला दिसत नाही. शिवाय फूड स्टॅम्प आणि कर-परतावा उत्पन्नात धरतच नाहीत. म्हणजे अशी मदत सरकारने कितीही दिली तरी अधिकृत आकडा हलत नाही: २०२१ मध्ये मुलांचा अधिकृत आकडा १५.३ होता, २०२२ मध्ये १५.०. कृष्णाकाठ यांनी दिलेली उडी त्यात शोधूनही सापडणार नाही.

२०११ पासून निघणारं पूरक मापन हे दुरुस्त करतं. फूड स्टॅम्प, शाळेचं जेवण, घरभाड्याची मदत आणि कर-परतावा मिळकतीत धरतं. कर, पाळणाघर, कामावर जाण्यायेण्याचा आणि औषधपाण्याचा खिशातून झालेला खर्च वजा करतं. रेषाही त्या त्या भागातल्या घरभाड्याप्रमाणे बदलते. कोणी 'अमेरिकेत इतके टक्के मुलं गरीब' असं लिहिलं की आधी विचारावं, कुठल्या मापनाने? निम्मे वाद तिथेच मिटतात.

गाडीचं म्हणाल तर बहुतेक गावांत बस नाही, कामाची जागा वीस-पंचवीस मैलांवर. तिथे गाडी हे नोकरीचं अवजार आहे. ती बंद पडली की आधी नोकरी जाते, मग भाडं थकतं. जुना फ्रीज भाड्याच्या घरात घरमालकाचाच असतो. खरी टंचाई असते ती दर महिन्याला लागणाऱ्या रोख पैशाची. ऊसतोड कामगाराच्या मुलाचे हाल वेगळे आणि जास्त, यात वाद नाही. पण भाडं थकल्यामुळे वर्षात तीन शाळा बदललेलं मूल वाचायला मागे पडतं, तेव्हा त्याला दुसऱ्या देशातल्या गरिबीशी केलेल्या तुलनेचा उपयोग नसतो.

________

प्रतिसाद: रेवा

मी फक्त स्नॅपबद्दल लिहिते, ज्याला अजूनही सगळे फूड स्टॅम्प म्हणतात. इथे कागदपत्रांमुळे किती पैसे बुडतात ते उदाहरणाने दाखवते. आकडे सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या वर्षाचे आहेत. दर ऑक्टोबरला बदलतात, रीत तीच राहते.

तिघांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त महिना ७६८ डॉलर. निव्वळ उत्पन्नाचे ३० टक्के त्यातून कापतात. त्यामुळे सगळा खेळ निव्वळ उत्पन्न कसं काढतात त्यावर आहे. समजा आईचा पगार महिना १,५००. पगाराचे २० टक्के वजा: १,२००. ठराविक वजावट २०४: उरले ९९६. आता घरभाडं. उरलेल्याच्या निम्म्याहून, म्हणजे ४९८ हून, जेवढं भाडं आणि वीजबिल जास्त, तेवढं वजा होतं (कमाल ७१२). भाडं-वीज मिळून ९०० असेल तर ४०२ वजा, निव्वळ ५९४. त्याचे ३० टक्के १७९. कार्डावर ५८९ डॉलर येतात.

भाड्याची पावती जोडायची राहिली तर ती वजावट धरत नाहीत. मग निव्वळ ९९६, त्याचे ३० टक्के २९९, आणि कार्डावर ४६९. एका कागदापायी महिना १२० डॉलर कमी, आणि हे कुणी फोन करून सांगत नाही. पत्रात रक्कम येते, तिचा हिशेब बऱ्याचदा लोक वाचत नाहीत.

पाळणाघराचं तर त्याहून जास्त लोक विसरतात. त्याला कमाल मर्यादा नाही. याच आईने शेजारणीला मूल सांभाळायचे महिना २०० दिले आणि ते दाखवले, तर रक्कम ५८९ वरून ६७९ होते. कारण २०० आधी वजा होतात आणि उत्पन्न घटल्यामुळे भाड्याची वजावटही वाढते. पुष्कळ राज्यांत शेजारणीच्या सहीची साधी चिठ्ठी चालते.

कुठे चुकतं, ते अनुक्रमे नाही पण महत्त्वाचं तेवढं सांगते:

मुलाखतीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, कामाच्या वेळेत येतो. उचलला नाही तर 'मुलाखत चुकली' असं पत्र निघतं. ते आलं की आपण फोन करून नवी वेळ घ्यायची, पत्राची दुसरी फेरी येत नाही.

दर सहा किंवा बारा महिन्यांनी पुनर्तपासणी असते. तारीख हुकली की केस बंद. पण बंद झाल्यापासून ३० दिवसांत राहिलेले कागद दिले तर नवा अर्ज लागत नाही, त्या तारखेपासून पुढे रक्कम सुरू होते. हे माहीत नसल्यामुळे बायका पुन्हा पहिल्यापासून अर्ज करतात आणि महिना घालवतात.

रक्कम कमी केल्याचं पत्र आलं आणि ते चुकीचं वाटलं तर सुनावणी मागायला ९० दिवस असतात. पण पत्रात दिलेल्या मुदतीत, बहुधा दहा दिवसांत, मागितली तर निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम चालू राहते. हे दहा दिवस सगळ्यांत मोलाचे.

कार्डावरची चोरी. बहुतेक राज्यांत स्नॅपच्या या कार्डाला (ईबीटी) अजून चिप नाही, फक्त काळी पट्टी. दुकानातल्या यंत्रावर चोर नकली वाचक बसवतात आणि पैसे जमा होतात त्याच पहाटे कार्ड रिकामं करतात. केंद्राच्या पैशातून ही भरपाई मिळायची, ती २० डिसेंबर २०२४ नंतरच्या चोरीला बंद झाली. उपाय एवढेच: जमा होण्याच्या आदल्या रात्री पिन बदलायचा, आणि राज्याच्या ॲपमध्ये कुलूप लावायची सोय असेल तर खरेदीची वेळ सोडून कार्ड बंद ठेवायचं.

आणि हो, या कार्डावर साबण, डायपर, सॅनिटरी पॅड, टॉयलेट पेपर, गरम शिजवलेलं अन्न यांतलं काहीही घेता येत नाही. डायपर विक कार्यक्रमातही बसत नाहीत (विक म्हणजे गरोदर बाया आणि पाच वर्षांपर्यंतची मुलं यांच्यासाठीची वेगळी योजना). पाळणाघरं रोजचे डायपर घरून आणायला सांगतात. डायपर नाहीत म्हणून मूल घरी, म्हणून आई कामावर नाही. तुमच्या गावात डायपर बँक असेल तर तिथे पैसे द्या, हे कळकळीचं सांगणं.

________

प्रतिसाद: चार_आणे

रेवाताईंचा हिशेब चोख आहे. कृष्णाकाठांच्या निष्कर्षाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही.

कमाईची अट काढली की काही आईबाप काम सोडतील, हा आक्षेप केवळ दुष्टपणाचा नाही. शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०२१ मध्ये अंदाज मांडला होता की ही रचना कायम केली तर सुमारे १५ लाख पालक कामाबाहेर जातील. दुसरं, बेबीज फर्स्ट इयर्स या प्रयोगात न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ओमाहा आणि मिनियापोलिस-सेंट पॉल इथल्या हजार गरीब आयांपैकी काहींना महिना ३३३ डॉलर आणि बाकीच्यांना २० डॉलर दिले. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, आकलन, वर्तन यांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. रोख पैशाने सगळं सुटतं असं मानणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

________

प्रतिसाद: कृष्णाकाठ

चार_आणे, दोन्ही मुद्दे वजनाचे आहेत.

१५ लाखांचा तो अंदाज कायमच्या योजनेबद्दल होता, सहा महिन्यांच्या अनुभवावरून तो ना सिद्ध होतो ना खोडला जातो. प्रत्यक्ष २०२१ च्या महिन्यांवर जे अभ्यास झाले त्यांतल्या बहुतेकांना पालकांच्या नोकरीत दखल घेण्याजोगी घट दिसली नाही.

प्रयोगाचं म्हणाल तर निकाल मान्य. पण तो काळ कोविडचा होता. धनादेश, वाढीव क्रेडिट, वाढीव फूड स्टॅम्प दोन्ही गटांना मिळत होते, त्यामुळे ३३३ आणि २० मधलं अंतर तुलनेने आणखी लहान झालं असणार. आणि चार वर्षांच्या वयात मोजलेलं शेवटचं नसतं. फूड स्टॅम्प योजना १९६१ ते १९७५ मध्ये एकेका काउंटीत (जिल्ह्यात) टप्प्याटप्प्याने आली. हिलरी हॉइन्स, डायन शान्झेनबाख आणि डग्लस अल्मंड या अर्थतज्ज्ञांनी त्याचा फायदा घेऊन, ज्यांना लहानपणी योजना मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशांची मोठेपणी तुलना केली. योजना मिळालेल्यांमध्ये लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह यांचा एकत्रित त्रास कमी निघाला. तो फरक चौथ्या वर्षी कोणालाच दिसला नसता.

शिवाय मला एक तत्त्वाचं वाटतं. चार वर्षांच्या मुलाला जेवण द्यायचं की नाही, हे त्याच्या शब्दसंग्रहात भर पडते का यावर ठरू नये.

२०२१ ची योजना निर्दोष होती असं मात्र मी म्हणणार नाही. कर विभागाकडे ज्यांचं विवरणपत्र होतं त्यांना हप्ता आपोआप गेला. ज्यांची कमाई इतकी कमी की विवरणपत्र भरावंच लागत नाही, अशी सर्वांत गरीब घरं यादीतच नव्हती. त्यांच्यासाठी मोबाइलवर भरता येईल असं सोपं पान सप्टेंबरात आलं, तोवर दोन हप्ते गेले होते. घटस्फोटित जोडप्यांत जुन्या विवरणपत्रावर वडिलांचं नाव असेल तर पैसे वडिलांच्या खात्यात आणि मूल आईकडे, असेही घोळ झाले. पुन्हा कधी करायचं झालं तर मुलाच्या जन्मनोंदणीलाच खातं जोडायला हवं. मिशिगनमधल्या फ्लिंटने जानेवारी २०२४ पासून जवळपास तसंच केलंय: गरोदरपणात एकदा १,५०० डॉलर आणि बाळाच्या पहिल्या वर्षी दरमहा ५००. उत्पन्नाची अटच नाही, त्यामुळे पगाराची कागदपत्रंही नाहीत.

________

प्रतिसाद: मुक्ता_डी

अटी कशा घालतात याचं दुसरं टोकही नोंदवते. रोख मदतीची जुनी योजना १९९६ मध्ये मोडून तिच्याऐवजी राज्यांना वर्षाला १६.५ अब्ज डॉलरचं ठोक अनुदान सुरू झालं. ती रक्कम तेव्हापासून तेवढीच आहे, महागाईने तिची किंमत जवळपास निम्म्यावर आली. राज्यांना हा पैसा रोख मदतीखेरीज इतर कितीतरी गोष्टींवर खर्चता येतो. मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त महिना २६० डॉलर मिळतात. त्याच राज्यात लेखापरीक्षणात या निधीतले किमान ७.७ कोटी डॉलर भलतीकडे गेल्याचं निघालं, त्यात एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलाचाही खर्च होता. हे वाचून माझा संताप अजून गेलेला नाही.

________

प्रतिसाद: खानावळ

शाळेच्या जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

राष्ट्रीय शालेय भोजन कार्यक्रम १९४६ पासून आहे. गरिबीरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत. १३० ते १८५ मध्ये सवलतीचं, जास्तीत जास्त ४० सेंट. त्यावर पूर्ण दर. अर्ज दर वर्षी भरायचा. ४० सेंट किरकोळ वाटतात, पण दोन मुलं, १८० दिवस धरा. शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून थकबाकी साचते ती याच मधल्या पट्ट्यातल्या मुलांची. काही ठिकाणी थकबाकीदार मुलाचं गरम ताट काढून घेऊन त्याला थंड सँडविच देत. न्यू मेक्सिकोने २०१७ मध्ये कायदा करून मुलाला असं वेगळं पाडण्यावर बंदी घातली, ते पहिलं राज्य.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे सीईपी (कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन). २०१० च्या कायद्यातली तरतूद. गरीब वस्तीतली शाळा सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत देऊ शकते, कुणाचाच अर्ज घ्यायचा नाही. अट अशी, की पुरेशी मुलं थेट नोंदणीतली हवीत. म्हणजे ज्यांचं नाव स्नॅप, रोख मदत किंवा (बहुतेक राज्यांत) मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, यादीत आहे, किंवा जी बेघर, पालकगृहातली आहेत. या टक्केवारीला आयएसपी म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये किमान आयएसपी ४० वरून २५ वर आणली.

मग सगळ्या शाळा का घेत नाहीत? पैशाचं सूत्र बघा. आयएसपीला १.६ ने गुणतात. तितक्या टक्के ताटांना केंद्र मोफतचा दर देतं, ढोबळ साडेचार डॉलर. उरलेल्या ताटांना पूर्ण-दराच्या मुलाचं अनुदान, ढोबळ अर्धा डॉलर. आयएसपी ६२.५ असेल तर गुणाकार १०० होतो आणि शाळेला खिशातून काही घालावं लागत नाही. ४० असेल तर ६४ टक्के ताटं वरच्या दराने, सरासरी ताटामागे तीन डॉलरच्या थोडं वर. २५ असेल तर ४० टक्केच, सरासरी दोन डॉलर दहा सेंट. त्यात धान्य, भाजी, दूध आणि मावश्यांचा पगार बसत नाही. म्हणून २५ ची परवानगी असूनही कमी आयएसपीच्या शाळा राज्याने भर घातली तरच उतरतात. कॅलिफोर्निया, मेन, कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स यांनी ती भर घालून सर्व मुलांना मोफत केलं. न्यूयॉर्क २०२५-२६ पासून.

आता रेवाताईंच्या विषयाशी सांधा. जुलै २०२५ च्या कायद्याने स्नॅपच्या अटी कडक केल्या. धाकटं मूल १४ वर्षांचं झालं की आईबापांना कामाचे तास सिद्ध करावे लागतात, पूर्वी ही सूट मूल १८ चं होईपर्यंत होती. कागदात अडकून घर स्नॅपमधून बाहेर पडलं की त्याच घरातलं मूल थेट नोंदणीतूनही गळू शकतं. अशी मुलं गळाली की शाळेची आयएसपी खाली येते. ५० च्या ठिकाणी ४५ झाली तर मोफत दराची ताटं ८० वरून ७२ टक्क्यांवर येतात. तोटा फक्त त्या एका मुलाचा होत नाही, अख्ख्या शाळेचं स्वयंपाकघर तुटीत जातं.

उन्हाळ्यात शाळाच नसते. त्यासाठी २०२४ पासून दर मुलामागे १२० डॉलर अख्ख्या सुट्टीचे, कार्डावर. राज्याने योजनेच्या कारभाराचा निम्मा खर्च उचलायचा असतो, तेवढ्यासाठी डझनभर राज्यांनी पहिल्या वर्षी नकार दिला.

________

प्रतिसाद: बापू_पाटस

खानावळ, हे वाचून चाट पडलो. आपल्याकडे २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून सरकारी प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण मुलाचा हक्क आहे, पुढे आठवीपर्यंत वाढवलं. खिचडीच्या दर्जाबद्दल, तांदळातल्या अळ्यांबद्दल, स्वयंपाकी ताईंच्या तुटपुंज्या मानधनाबद्दल आपण भांडतो आणि भांडलंच पाहिजे. पण पंक्तीत बसताना बापाचा पगार कुणी विचारत नाही. माझी मूळ शंका फिटली.

________

प्रतिसाद: अवलोकिता

गरिबी इतकी चिवट का राहते, त्याचं एक मूळ शाळांच्या पैशात आहे. तिथे शाळेचा मोठा खर्च गावच्या मालमत्ता करातून येतो. टेक्सासच्या सॅन अँटोनियोमधल्या एजवूड भागातल्या पालकांनी याविरुद्ध दावा लावला होता. निकालपत्रातले आकडे असे: १९६७-६८ मध्ये एजवूडचे लोक दर शंभर डॉलर मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरून मुलामागे २६ डॉलर उभे करत होते. त्याच शहरातल्या सधन अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंट भरून ३३३. गरिबांचा दर जास्त, पदरात पडलं कमी, कारण घरांच्या किमतीच कमी. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की समान शालेय निधी हा केंद्रीय घटनेने दिलेला हक्क नाही. तेव्हापासून प्रत्येक राज्यात वेगळी लढाई. न्यू जर्सीत ॲबट खटल्यांमुळे गरीब जिल्ह्यांना भरीव राज्यनिधी मिळाला. तिथे स्थायिक मराठी लोक 'चांगला स्कूल डिस्ट्रिक्ट' बघून घर घेतात, त्या चांगलेपणाची किंमत घराच्या किमतीत मिसळलेली असते, आणि ज्याला ते घर परवडत नाही त्याचं मूल कुंपणाबाहेर राहतं.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी मोजलेलं आहे: १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक मोठेपणी आईबापांपेक्षा जास्त कमावू लागले, १९८० मध्ये जन्मलेल्यांत जेमतेम निम्मे. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, घरभाड्याच्या व्हाउचरवर १३ वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत राहायला गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराव्या वर्षानंतर गेलेल्यांना तो फायदा नाही. आणि ही घरभाड्याची मदत पात्र असलेल्या चार घरांपैकी एकालाच मिळते, बाकीची वर्षानुवर्षं यादीत. नंबर लागेपर्यंत मूल तेरा ओलांडतं.

________

प्रतिसाद: निळू

उत्तम धागा. आमच्या मंडळात दर दिवाळीला डबाबंद अन्न गोळा करून फूड पँट्रीला देतो. त्याहून उपयोगाचं काय करता येईल, नेमकं सांगाल का?

________

प्रतिसाद: रेवा

निळूदादा, डबे देण्यापेक्षा रोख रक्कम द्या. फूड बँक घाऊक भावाने घेते, आपण किरकोळ. आणि डबे द्यायचेच तर झाकण ओढून उघडणारे, कारण मोटेलमध्ये राहणाऱ्या घरात ओपनर आणि चूल नसते.

दुसरं, मंडळात हिशेबात पक्की माणसं भरपूर असतात. कर विभागाच्या व्हीटा कार्यक्रमात कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. प्रशिक्षण घरबसल्या, हिवाळ्याआधी सुरू करा. आचारसंहिता, मुलाखत-तपासणी आणि कर-नियम अशा परीक्षा असतात, ८० टक्के गुण लागतात. जानेवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आठवड्याला चार तास पुरतात. एका आईचं कमावत्यांसाठीचं क्रेडिट आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट नीट भरून दिलं तर तिच्या हातात काही हजार डॉलर पडतात, आणि विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानाची फी वाचते. विचारायला विसरू नका: मूल वर्षातले सहा महिन्यांहून जास्त कुणाकडे राहिलं? मुलाचं सोशल सिक्युरिटी कार्ड आहे का? २०२५ पासून पालकांपैकी एकाचंही लागतं, एवढ्या कारणाने अमेरिकेत जन्मलेली किती तरी मुलं बाहेर पडली. मागचं विवरणपत्र राहिलं असेल तर तीन वर्षांपर्यंतचा परतावा अजून मागता येतो.

________

प्रतिसाद: खानावळ

रेवाताईंना जोडून. शाळा मंडळाच्या बैठकीत कुणीही रहिवासी बोलू शकतो, नागरिक असायलाच हवं असं नाही. तिथे एकच प्रश्न विचारा: आमच्या प्रत्येक शाळेची १ एप्रिलची आयएसपी किती? राज्याचं शिक्षण खातं ही यादी दर वर्षी प्रसिद्ध करतं, नाही मिळाली तर मागता येते. एकट्या शाळेचा आकडा कमी पडत असेल तर दोन-चार शाळांचा गट करून सरासरी काढायची मुभा आहे. ७० ची एक आणि ५५ ची एक, सारख्या पटाच्या असतील तर दोन्ही मिळून ६२.५ होतात आणि दोन्हींकडे सगळी ताटं वरच्या दराने. गट कसा पाडायचा यावर लाखो डॉलर हलतात, आणि बऱ्याच लहान जिल्ह्यांत ही आकडेमोड करायला माणूसच नसतो. एक्सेल येणाऱ्या माणसाने एक शनिवार दिला तरी पुरे. आकडा एकदा मान्य झाला की चार वर्षं टिकतो. पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी अर्जाची मुदत ३० जून, त्यामुळे मे महिन्याच्या बैठकीत विषय निघायला हवा.